पोलादात कोरलेली वर्षं

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभी हयात आयटीआयच्या कार्यशाळेत काढली. मुलाच्या हातात आधी कानस द्यायची आणि मग पुस्तक, हा त्यांचा शिरस्ता. अशा माणसाच्या नावाने बोलायचं तर हाताच्या कामाबद्दलच बोलावं असं मला वाटलं, आणि म्हणून मी प्लास्टिकच्या जुन्या मॉडेल मोटारींचा विषय निवडला. खोक्यातून सुटे भाग काढायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि वीतभर लांबीची मोटार उभी करायची. हा मुलांचा खेळ, असं कोणी म्हणालं तर ते खरंच आहे; मुलांसाठीच तो निघाला. पण माझं आयुष्य भोसरीच्या टूलरूममध्ये मोल्ड बनवण्यात गेलं. त्या नजरेने मी हे खोके उघडतो तेव्हा एका धंद्याचा, एका शहराचा आणि नाव कुठेच न छापलेल्या कारागिरांचा पुरावा माझ्या हाती येतो. तो पुरावा वाचायचा कसा, एवढंच आज सांगायचं आहे.

गोष्ट डेट्रॉईटची. दुसरं महायुद्ध संपलं, कारखाने रणगाडे आणि विमानांची इंजिनं सोडून पुन्हा मोटारींकडे वळले. १९४८ साली वेस्ट गॅलोग्ली नावाच्या वकिलाने डेट्रॉईट परिसरात एक कंपनी काढली. तिचं नाव अ‍ॅल्युमिनियम मॉडेल टॉइज, म्हणजेच एएमटी. पहिलं मॉडेल फोर्डच्या सेडानचं, नावाप्रमाणे अ‍ॅल्युमिनियमचं. लवकरच धातू गेला आणि प्लास्टिक आलं. त्याच सुमारास जॉन हेन्ले यांची जो-हॅन ही कंपनी डेट्रॉईटमध्येच उभी राहिली. या छोट्या गाड्या सुरुवातीला दुकानात विकायला नव्हत्याच. मोटारीचा डीलर त्या गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. त्यांना प्रोमो म्हणत. खऱ्या गाडीला कंपनी जे रंग देणार, त्याच रंगांच्या प्लास्टिकमध्ये प्रोमो ओतलेला असायचा. बाप मोठी गाडी बघायचा, पोरगं छोटी गाडी घेऊन घरी यायचं आणि घरात आठवडाभर त्याच गाडीचा विषय चालायचा.

हे सगळं अमेरिकेतच का झालं, याचं कारण त्या धंद्याच्या रीतीत आहे. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन आणि त्यांचे मुख्य डिझायनर हार्ली अर्ल यांनी दर वर्षी गाडीचं रूप बदलायची पद्धत पाडली. इंजिन तेच, चासी तीच, पण जाळी नवी, मागचे दिवे नवे, क्रोमची पट्टी इंचभर वर किंवा खाली. शरद ऋतूत नवी मॉडेलं यायची. त्या दिवशी छोटी गाडीही तयार हवी, म्हणून मोटार कंपन्या आपली गुप्त ड्रॉइंग काही महिने आधी या मॉडेलवाल्यांच्या स्वाधीन करायच्या. केवढा हा विश्वास! पुढच्या वर्षीच्या शेव्हरलेचा चेहरा बाहेरच्या जगात ज्या थोड्या लोकांना ठाऊक असायचा, त्यांत मोल्डवर वाकलेला एक पॉलिशरही होता.

१९५८ साली एएमटीने प्रोमोचेच मोल्ड वापरून गाडी सुट्या भागांत विकायला काढली. याच वर्षाच्या आगेमागे आपल्याकडे अ‍ॅम्बॅसेडर रस्त्यावर आली आणि २०१४ पर्यंत जवळपास त्याच अंगाने चालत राहिली. तिकडे त्याच काळात दर शरदात सगळं पोलाद नव्याने कोरलं जात होतं. एएमटीच्या खोक्यावर लिहिलेलं असायचं, एकात तीन. कारखान्यातून निघते तशी गाडी करा, आपल्या मनासारखी सजवलेली करा, नाहीतर शर्यतीची करा. तिन्हींचे भाग आत. माप एकास पंचवीस. १९५९ची शेव्हरले इम्पाला सव्वापाच मीटरहून लांब, ती या मापात साधारण साडेएकवीस सेंटिमीटर होते. शिकागोजवळच्या मोनोग्रामने एकास चोवीस हे माप धरलं, म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. कॅलिफोर्नियात रेव्हेल होती. एड रॉथ या अफलातून माणसाच्या गाड्या आणि त्याचा रॅट फिंक नावाचा उंदीर तिने घरोघरी पोचवला. त्या दुनियेवर वेगळं व्याख्यान होईल. मला आज मोल्डकडे जायचं आहे.

मोटारीची बॉडी एका तुकड्यात ओतणं हे टूलरूममधल्या माणसासाठी अवघड कोडं आहे. साधा मोल्ड दोन अर्ध्यांचा असतो, कोअर आणि कॅव्हिटी. दोन्ही एका रेषेत उघडतात आणि भाग खाली पडतो. पण मोटारीला पाच बाजूंनी नक्षी असते: वर छत, दोन्हीकडे दारं आणि हँडल, पुढे जाळी, मागे दिवे. मोल्ड वर उघडायला गेलात की दाराचं हँडल पोलादात अडकतं, भाग निघत नाही. म्हणून पन्नाशीच्या दशकातल्या बऱ्याच किटमध्ये बॉडीच्या दोन कुशी, छत, पुढचं तोंड असे वेगळे तुकडे यायचे आणि मुलगा ते चिकटवत बसायचा. काटकोन काही जुळायचे नाहीत, छत तिरकं व्हायचं. एएमटीमध्ये यावर सरकत्या स्लाइडचा तोडगा निघाला. आतला कोअर स्थिर, आणि चारी बाजूंचे पोलादी ठोकळे आधी बाजूला सरकतात, मग बॉडी मोकळी होते. याचं श्रेय जॉर्ज टोटेफ या माणसाला देतात. पुढे १९६३ साली त्यांनी एएमटी सोडून माउंट क्लेमेन्स इथे स्वतःची एमपीसी कंपनी काढली. तिचं पहिलं किट १९६४च्या कॉर्व्हेटचं होतं. आज आपण प्लास्टिकचा बंपर किंवा स्कूटरचं पॅनेल ओततो तेव्हा स्लाइड ही रोजची गोष्ट आहे. पण त्या काळी, संगणक नसताना, हाताने फिट केलेल्या चार स्लाइड एका बिंदूवर आणून मिटवायच्या, आणि तेही दोन डॉलरच्या आतल्या खेळण्यासाठी! ज्याने निळी शाई लावून दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांवर बसवले आहेत, त्यालाच ही मेहनत कळेल.

या स्लाइड जिथे भेटतात तिथे प्लास्टिकवर केसाएवढी रेघ उमटते. मॉडेल करणारे तिला मोल्ड लाइन म्हणतात. खिडकीच्या पिलरवरून, मडगार्डच्या माथ्यावरून ती उतरत जाते. रंग देण्याआधी ती घासून टाकायची असते, नाहीतर चकाकी आल्यावर जखमेच्या व्रणासारखी दिसते. सहाशे नंबरचा वॉटर पेपर बोटभर लाकडी पट्टीवर गुंडाळायचा, पाण्यात बुडवायचा आणि एकाच दिशेने हलक्या हाताने ओढायचा. दर चार-सहा हातांनी पुसून नख फिरवायचं. डोळ्याला रेघ दिसेनाशी होते तरी नखाला ती लागते. हे करताना मी थोडा रेंगाळतो, कारण त्या रेघेत मोल्डवाल्याचे निर्णय दिसतात. शहाणा असेल तर त्याने रेघ अशा कडेवर नेलेली असते की खऱ्या गाडीतही तिथे पत्र्याचा जोड असावा. बॉनेटच्या खाली, भाग मोल्डबाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिनचे गोल ठसे असतात. वरून दिसणाऱ्या बाजूला एकही नाही. छताच्या आत, जिथे प्लास्टिक जाड झालं तिथे, वरच्या बाजूला हलकासा खड्डा पडतो, त्याला आम्ही सिंक म्हणतो. चांगल्या किटमध्ये तो शोधूनही सापडत नाही.

क्रोमचे भागही असेच बघण्यासारखे. बंपर, जाळ्या, चाकांच्या तबकड्या सगळ्या एका फांदीला लटकलेल्या. त्यांवर आधी लाखेसारखा थर, मग निर्वात पात्रात अ‍ॅल्युमिनियमची वाफ. फांदीपासून तुकडा तोडला की तोडल्या जागी पांढरा ठिपका राहतोच. म्हणून चांगला मोल्डवाला तो जोड, म्हणजे गेट, बंपरच्या मागच्या अंगाला ठेवायचा. दारावरच्या बारीक पट्ट्यांना मात्र क्रोम हातानेच द्यावं लागतं. त्यासाठी मागे गोंद असलेली अतिपातळ धातूची फॉइल मिळते. ती पट्टीवर टाकायची, टूथपिकने कडेकडेने दाबायची आणि कोऱ्या ब्लेडने कापायची. ब्लेड जरा बोथट झालं की फॉइल कापली न जाता फाटते.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. पुढच्या वर्षी गाडी बदलली की या मोल्डचं काय व्हायचं? नवा मोल्ड फार महाग. म्हणून जुनाच मोल्ड टेबलावर घ्यायचे. जिथे जाळी बदलली तिथे पोलाद कोरून काढायचं किंवा वेल्ड भरून पुन्हा कोरायचं, मागच्या दिव्यांचा ठोकळा नवा बसवायचा आणि त्याच पोलादातून पुढच्या वर्षीची गाडी ओतायची. एमपीसीने कॉर्व्हेटचं मॉडेल वर्षानुवर्षं असंच चालवलं. १९७३ साली खऱ्या कॉर्व्हेटचा पुढचा क्रोम बंपर गेला, १९७४ साली मागचा गेला. मॉडेलचं पोलादही त्याच्या मागोमाग बदललं. एकदा कोरलेलं पोलाद परत येत नाही. म्हणजे नव्या वर्षाची गाडी निघाली की आधीच्या वर्षाची पुन्हा ओतणं संपलं. काही मोल्ड तर शेवटी शर्यतीच्या गाडीसाठी चाकांच्या कमानी कापून वापरले गेले, आणि मूळ गाडी कायमची गेली. छापखान्यात प्लेट मोडली तरी पुस्तक पुन्हा जुळवता येतं. इथे त्या वर्षाचं सगळं काम फक्त त्या वर्षी विकल्या गेलेल्या खोक्यांत उरलं. म्हणून ही जुनी किट दुर्मीळ झाली. नेहमी सांगतात की मुलांनी ती जोडून, फटाक्यांनी उडवून संपवली. तेही झालं असेल, पण खरं कारण पोलादात आहे.

या पुराव्याचं सगळ्यात मोलाचं पान कोणतं, असं विचाराल तर मी जो-हॅनच्या क्रायसलर टर्बाइनचं नाव घेईन. क्रायसलरने १९६३ ते १९६६ दरम्यान विमानासारख्या गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या पन्नास गाड्या लोकांना वापरून बघायला दिल्या. पाच नमुन्याच्या गाड्या त्याआधी केल्या होत्या. बॉड्या इटलीत ट्युरिनच्या घिया कारखान्यात घडल्या, रंग तांब्यासारखा. २०३ कुटुंबांना तीन-तीन महिने गाडी वापरायला मिळाली, खर्च फक्त इंधनाचा. प्रयोग संपल्यावर बहुतेक सगळ्या गाड्या मोडीत काढल्या. आज नऊ उरल्या आहेत. आणि जो-हॅनने त्याच वेळी तिचं किट काढलं. ड्रॉइंग समोर असताना, मूळ गाडी जिवंत असताना. बॉनेट उघडतं, खाली ते इंजिन बसवायचं असतं, ज्यात पिस्टन नाहीत आणि ज्याच्या दोन्ही कुशींना उष्णता परत वापरणारी गोल चक्रं आहेत. ते इंजिन प्रत्यक्ष पाहायला अमेरिकेतलं एखादं संग्रहालय गाठावं लागेल. मी ते पुण्यात, जेवणाच्या टेबलावर, एकेक भाग जुळवत समजून घेतलं. हवा कुठून आत येते, कुठे तापते, कुठून बाहेर पडते, हे मला पुस्तकातल्या आकृतीने जेवढं सांगितलं त्याहून जास्त त्या तुकड्यांच्या क्रमाने सांगितलं.

यावरून एक वाद निघतो आणि त्यात माझं मत स्पष्ट आहे. बरेच संग्राहक किट न उघडता ठेवतात. वरचं प्लास्टिक फाटलं की किंमत उतरते, म्हणून खोकं जसंच्या तसं कपाटात जातं. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण भावनेपेक्षा रसायनाचं आहे. त्या काळचे टायर मऊ व्हिनाइलचे. व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतं. टायर ज्या पॉलिस्टायरीनला टेकलेला असेल ते प्लास्टिक तो हळूहळू खातो. बंद खोक्यात टायर सुटे लोळत असतात, आणि नेमके पुढच्या काचेवर जाऊन पडतात. पन्नास वर्षांनी उघडलं तर पारदर्शक काचेवर टायरच्या नक्षीचा वितळलेला ठसा मिळतो, आणि ती काच दुसरीकडे कुठे मिळणार? गाडीवर चिकटवायचे छापील डिकॅल पिवळे पडतात. म्हणजे न उघडलेलं किट सुरक्षित असतं हा समजच खोटा आहे. माझी कळकळीची विनंती आहे, खोकं उघडा. टायर वेगळ्या पिशवीत घाला, काच मऊ कागदात गुंडाळा, सूचनापत्र सपाट ठेवा. मग ठरवा, जोडायचं की नाही. पिवळे डिकॅल खिडकीच्या काचेला आतून चिकटवून काही दिवस उन्हात ठेवले की बरेचसे पांढरे होतात.

पन्नाशीच्या दशकातल्या प्रोमोंचं दुखणं वेगळं. ते सेल्युलोज अ‍ॅसिटेटचे होते. त्यातलं मऊ करणारं द्रव्य उडून जातं, प्लास्टिक आकसतं, आणि गाडी मधे वाकून पाठीचा कणा मोडल्यासारखी होते. त्यावर इलाज नाही. साठीच्या सुरुवातीला पॉलिस्टायरीन आलं आणि हे थांबलं.

पॉलिस्टायरीनचा गुण असा की त्याचा गोंद खऱ्या अर्थाने गोंद नसतोच. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो, ते एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि जोड एकजीव होतो. हे द्रावक हुंगण्याचं व्यसन अमेरिकेतल्या मुलांना लागलं, तेव्हा रॉकफर्डच्या टेस्टर्स कंपनीने १९६९ साली आपल्या गोंदात मोहरीचा झणझणीत अर्क मिसळला. नाक लावलं की डोळ्यांत पाणी. लाखो मुलांच्या घरात जाणाऱ्या वस्तूबद्दल कारखानदाराने असा विचार केला, ही मला मोठी गोष्ट वाटते.

आणि ज्या गाड्या मुलांनी भसाभस गोंद लावून जोडल्या, घराचा रंग फासला, चाकं वाकडी बसवली, त्यांना अमेरिकेत ग्लू बॉम्ब म्हणतात. मी मुख्यतः त्यांच्यावर काम करतो. त्या स्वस्त मिळतात. एक मुंबईत चोर बाजारच्या मटन स्ट्रीटवर मिळाली, बाकीच्या डेट्रॉईटजवळ राहणारी माझी पुतणी जुन्या वस्तूंच्या बाजारातून आणते. रंग काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवायचं आणि जुन्या टूथब्रशने घासायचं. जोड सोडवायला गाडी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायची. जुना गोंद थंडीने ठिसूळ होतो, मग अंगठ्याने सांधा हलकेच वाकवला की कट्कन आवाज येऊन तो सुटतो. सगळेच सांधे सुटत नाहीत. जिथे प्लास्टिक एकजीव झालं आहे तिथे बारीक करवत लागते. त्या गोंदाच्या थराखाली कधी कधी कोणा मुलाच्या अंगठ्याचा ठसा सापडतो. तो मी घासत नाही. गाडीच्या पोटाशी असेल तर तसाच ठेवतो.

या कंपन्यांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. तेलाचं संकट आलं, प्लास्टिक महागलं, मुलांना दुसरे खेळ मिळाले. एएमटी १९७८ साली मॅचबॉक्सवाल्या लेस्नीने घेतली. पुढे एएमटी आणि एमपीसी दोन्ही आयोवातल्या अर्टलकडे गेल्या. आज ती नावं राउंड टू या कंपनीकडे आहेत. २०१८ साली रेव्हेलची मालक कंपनी हॉबिको दिवाळखोरीत गेली, तेव्हा बरेच जुने मोल्ड अ‍ॅटलांटिस या कंपनीने घेतले. पोलादाचे ते ठोकळे या गावाहून त्या गावाला ट्रकने फिरत राहिले. एकाच मोल्डमधून वेगवेगळ्या काळात ओतलेले दोन भाग शेजारी ठेवा. नंतरच्या भागाच्या कडांना पातळ पापुद्रा दिसेल, फ्लॅश. स्लाइडची मिटणारी कड झिजली आहे, असं ते प्लास्टिक सांगतं. आणि अलीकडे, ज्यांचे मोल्ड कोरले जाऊन हरवले अशा काही गाड्या, जुने भाग स्कॅन करून नव्या पोलादात पुन्हा घडवल्या जात आहेत.

आता इथल्या जमिनीवर येतो. खोक्यांतून सुटी मोटार आणायची आणि जुळवून उभी करायची, हे मुंबईने पूर्ण मापात केलेलं काम आहे. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना काढला. शेव्हरलेचे सुटे भाग बोटीने यायचे आणि शिवडी-परळचे हात ती गाडी जुळवायचे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्यात क्रायसलरच्या डॉज, प्लिमथ जुळू लागल्या. १९६४ पासून त्याच कुर्ल्यात फियाट ११००डी बनू लागली, जी पुढे पद्मिनी झाली. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. एकास पंचवीसच्या मापात ती जेमतेम सोळा सेंटिमीटर भरेल. सुट्या भागांत जुळवायची प्लास्टिकची पद्मिनी मी बरीच शोधली, माझ्या हाती आली नाही.

म्हणून माझा एक प्रस्ताव आहे, आणि या सभागृहात टूलरूमची मंडळी बसली आहेत हे बघून तो मांडतो. भोसरी आणि चाकणला स्लाइड मोल्ड करणारे कारागीर आहेत, स्कॅनर आहेत, आणि चालत्या स्थितीतल्या पद्मिनी अजून लोकांच्या गॅरेजमध्ये आहेत. गाडी मोजायची ती आताच. पुढच्या खिडकीची तिकोनी काच, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, दाराच्या हँडलचा वळसा, बंपरवरचे उभे खांब. किट एकात तीनच करायचं: घरची गाडी, कॅरिअर आणि बाहेर बसवलेला लोखंडी मीटर असलेली टॅक्सी, आणि शोलावरमच्या ट्रॅकवर फियाट पळायच्या तशी शर्यतीची. आयटीआयच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातल्या मुलांना याहून चांगला प्रकल्प मला सुचत नाही, कारण यात पॅटर्न आहे, कोअर-कॅव्हिटी आहे, स्लाइड आहे, पॉलिश आहे आणि शेवटी जुळवून बघणं आहे. बॉडीच्या चार स्लाइडचं डिझाइन कोणी तरुण माणसाने करावं. टॅक्सीच्या मीटरचा भाग फार बारीक आहे, त्याच्या झेंड्यापर्यंत प्लास्टिक पोचवणं सोपं नाही. तो इन्सर्ट मी स्वतः कोरून देतो.